डोक्याच्या मापाची लोकरीची टोपी: गोल मशीन घ्यावं की सपाट?

मापात बसणारी टोपी मशीनवर विणायची असेल तर रंग, किंमत, वेग या सगळ्याच्या आधी एक गोष्ट बघा. टाके किती घ्यायचे हे तुम्ही ठरवता की मशीन ठरवतं? हँडल फिरवायच्या गोल मशीनमध्ये ते मशीन ठरवतं. सपाट मशीनमध्ये, म्हणजे फ्लॅटबेडमध्ये, ते तुमच्या हातात असतं. बाकीचे बहुतेक फरक यातूनच निघतात.

गोल मशीन म्हणजे सेन्ट्रो किंवा अ‍ॅडीसारखं प्लास्टिकचं. सेन्ट्रोत ४८ आणि ४० सुयांची मशीन टोप्यांसाठी वापरतात, अ‍ॅडीच्या मोठ्या मशीनला ४६ सुया असतात. फ्लॅटबेडमध्ये नवशिक्याला सोयीचं सिल्व्हर रीडचं एलके १५०. त्यात १५० सुया, दोन सुयांमधलं अंतर ६.५ मिलिमीटर. बारीक लोकरीसाठी ४.५ मिलिमीटर अंतराची, २०० सुयांची धातूची मशीनही असतात. ब्रदरची अशी मशीन आता बनत नाहीत, जुनीच मिळतात.

आधी माप

दोन मापं लागतात. पहिलं घेर: टेप भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जिथे सगळ्यात फुगवटा आहे तिथून फिरवायची. दुसरं उंची: एका कानाच्या पाळीपासून टाळूवरून दुसऱ्या पाळीपर्यंत टेप लावायची आणि येईल त्याच्या निम्मं घ्यायचं. पुण्यात टोपी लागते ती डिसेंबर-जानेवारीत तळजाईला नाहीतर पर्वतीला पहाटे फिरताना, आणि तेव्हा कान झाकले गेले नाहीत तर टोपीचा उपयोग निम्म्यावर येतो. म्हणून उंचीच्या मापात कंजुषी नको.

टोपी घेरापेक्षा लहानच विणायची असते, ताणली जाऊन ती डोक्याला धरून बसते. किती लहान, ते टोपी उभी विणताय की आडवी यावर ठरतं. विणलेलं कापड ओळीच्या दिशेने, म्हणजे रुंदीत, जास्त ताणतं आणि लांबीत कमी. टोपी खालून वर विणली तर डोक्याभोवती रुंदीची दिशा येते, तिथे घेराच्या दहा टक्के कमी धरा. आडवी विणली तर डोक्याभोवती लांबीची दिशा येते, तिथे पाच टक्केच. हा फरक लक्षात न घेता एकच आकडा वापरला की आडवी टोपी कपाळावर वळ उठवते.

गोल मशीन: माप नाही, ताण मिळतो

४८ सुयांच्या मशीनवर मध्यम जाड लोकरीची नळी न ताणता साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर घेराची येते. ती ५६-५७ च्या डोक्यावर छान बसते, कारण एवढं ताणणं तिला सहज जमतं. ६० च्या डोक्यावर मात्र जाळी उघडते, वारा आत येतो आणि टोपी हळूहळू वर सरकते. ४२ च्या बाळाच्या डोक्यावर तीच टोपी पकडच घेत नाही. बाळासाठी ४० सुयांचं वेगळं मशीन लागतं.

घेर बदलायला हातात दोनच उपाय राहतात. एक म्हणजे लोकर बदलणं, दुसरा म्हणजे धाग्याच्या वाटेवरच्या टेन्शनच्या खाचा. खाचांनी फार तर एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. लोकर बदलायलाही मर्यादा आहे. बारीक लोकर सुईच्या आकड्यात (हुकात) नीट बसत नाही, टाके सुटतात. फार जाड लोकर घेतली की हँडल जड होतं, आणि तेव्हा जोर केला तर सुईचं डोकं तुटतं.

लोकर निवडताना लेबलवरच्या प्लायवर विसंबू नका. प्लाय म्हणजे किती धागे एकत्र पिळलेत तो आकडा, जाडी नव्हे. एकाच ‘४ प्लाय’मध्ये दोन कंपन्यांच्या लोकरीची जाडी वेगळी निघते. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत लोकर घ्यायला जाताना सोबत फूटपट्टी ठेवा, धागा न ताणता तिच्यावर शेजारी शेजारी गुंडाळा आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजा. ९ ते ११ वेढे असतील तर गोल मशीनसाठी, १२ ते १४ असतील तर एलके १५०साठी.

विणायची रीत सोपी आहे. स्विच नळीच्या खुणेवर, म्हणजे ‘टी’वर. वेगळ्या रंगाच्या तात्पुरत्या लोकरीने सुरुवात करायची. पहिल्या फेऱ्यात धागा एका सुईच्या आकड्यात, पुढच्या सुईच्या मागून, असा एकाआड एक जातो. हा फेरा सावकाश फिरवा. नंतर धागा टेन्शनमधून घ्या, पाच-सहा फेरे झाले की खुणेच्या वेगळ्या रंगाच्या सुईपाशी टोपीची लोकर जोडा. दुहेरी टोपीची नळी उंचीच्या दुप्पट लागते. २२ सेंटिमीटर उंची आणि ७ सेंटिमीटर दुमड धरली तर २९ दुणे ५८ सेंटिमीटर, म्हणजे मध्यम जाड लोकरीत १०० ते ११० फेरे. शेवटी पुन्हा तात्पुरती लोकर. मग दोन्ही टोकांचे टाके दाभणाने टोपीच्याच धाग्यात ओवून आवळायचे, तात्पुरती लोकर उसवायची, नळीचं एक टोक दुसऱ्यात सारायचं. एका टोपीला ८० ते ११० ग्रॅम लोकर जाते आणि हात बसला की पाऊण तासात टोपी होते.

बिघडतं ते बहुतेक एकाच कारणाने: आकड्यात धागा न येणं. गुंड्यातून धागा अडकत अडकत येत असेल तर ताण बदलतो आणि सुई रिकामी जाते. गुंडा आतून सुटणारा करून घ्या. पुण्याच्या कोरड्या थंडीत अ‍ॅक्रिलिक लोकर स्थिर विजेने चिकटते, तेव्हा धागा मेणबत्तीवरून हलका ओढून घेतला की सुरळीत चालतो. सुटलेला टाका दिसला की तिथेच थांबून क्रोशाच्या सुईने वर चढवा, दहा फेऱ्यांनंतर दिसला तर तो दहा पायऱ्या खाली घसरलेला असतो. फिरवताना हँडल जड वाटलं की आधी उलट अर्धा फेरा घेऊन बघा. आतल्या खाचेत वंगण लागलं तर सिलिकॉनचंच. शिवणयंत्राचं खनिज तेल नको, काही प्रकारच्या प्लास्टिकला ते बाधतं.

‘पी’च्या खुणेवर कमी सुया घेऊन सपाट पट्टा विणता येतो आणि शिवून हवा तो घेर काढता येतो, हे खरं. पण कडेचे टाके वारंवार सुटतात आणि शिवण जाड येते. एखाद-दुसऱ्या टोपीपुरतं ठीक. त्यासाठी म्हणून हे मशीन घेऊ नये.

सपाट मशीन: नमुना आणि हिशोब

इथे आधी नमुना विणावा लागतो आणि त्याला पर्याय नाही. ४० टाके, ६० ओळी. मधल्या २० टाक्यांच्या दोन्ही बाजूंना आणि मधल्या ३० ओळींच्या वर-खाली वेगळ्या रंगाच्या धाग्याची खूण ठेवा. मशीनवरून काढल्या काढल्या मोजू नका, विणताना खाली टांगलेल्या वजनांनी ओढल्यामुळे तो लांब आणि अरुंद झालेला असतो. शुद्ध लोकर धुऊन वाळवून मोजा, अ‍ॅक्रिलिक रात्रभर पडू द्या. अ‍ॅक्रिलिकला इस्त्रीची वाफ देऊ नका. वाफेने त्याचा लवचीकपणा कायमचा जातो आणि मापात विणलेली टोपी आठवड्यात भोंगळ होते.

समजा १० सेंटिमीटरमध्ये २० टाके आणि ३० ओळी आल्या, डोकं ५६ चं आहे. उभी टोपी विणायची तर ५६ चे दहा टक्के कमी म्हणजे ५०.४, गुणिले २ म्हणजे १०१ टाके, शिवणीचे दोन धरून १०३. हिशोब सोपा, पण वरचं तोंड बंद करणं कटकटीचं. १०३ टाके एका दोऱ्यात आवळले की टाळूवर गोळा येतो. म्हणून एकाआड एक टाका शेजारच्या सुईवर सरकवून निम्मे करायचे, रिकाम्या सुया पूर्ण मागे ढकलायच्या (नाहीतर त्या नवे फासे उचलतात), टेन्शन एक-दोन आकडे घट्ट करून तीन-चार ओळी घ्यायच्या आणि मगच आवळायचं.

त्यापेक्षा आडवी टोपी चांगली. मापाच्या टोपीसाठी फ्लॅटबेड घ्यायचं खरं कारण हेच आहे. टोपी कलिंगडाच्या फोडींसारखी एकेक फोड करत विणली जाते. घेर ओळींवर ठरतो, उंची टाक्यांवर.

५६ चे पाच टक्के कमी म्हणजे ५३.२. गुणिले ३ म्हणजे १६० ओळी, ८ फोडी, प्रत्येकी २० ओळींची. उंची २२ सेंटिमीटर म्हणजे ४४ टाके. तात्पुरत्या लोकरीवर सुरुवात करा, कॅरेज (सुयांवरून सरकवायचा, धागा विणणारा भाग) उजवीकडे, टाळू डावीकडे, कपाळाची कड उजवीकडे. कॅरेजचे लिव्हर होल्डवर, म्हणजे पुढे काढलेल्या सुया न विणता थांबून राहतात. पहिल्या दोन ओळी पूर्ण ४४ टाक्यांवर. मग डावीकडच्या दोन सुया होल्डमध्ये काढा (सिल्व्हर रीडमध्ये ती डी जागा), डावीकडे विणत जा, धागा जवळच्या होल्डमधल्या सुईखालून घ्या, परत उजवीकडे या. दर दोन ओळींना आणखी दोन सुया होल्डमध्ये. नऊ वेळा केलं की १८ सुया थांबलेल्या असतात आणि २० ओळी भरतात. सगळ्या सुया परत कामाला लावा, दुसरी फोड सुरू. टाळूपाशी प्रत्येक फोडीच्या दोनच ओळी पडतात, म्हणून तिथे गोळा येत नाही आणि घुमट गोल येतो.

सुईखालून धागा घ्यायला विसरलात तर त्या जागी भोक पडतं, आणि आठ फोडींत ती तिरक्या रांगेने दिसतात. फोड विणताना वजन दर दहा-बारा ओळींनी वर सरकवा. होल्डमधल्या टाक्यांखाली वजन राहिलं तर ते टाके लांबट होतात, कपाळाच्या कडेखाली नसलं तर तिथले टाके सुटून वर तरंगतात.

कानपट्टी हवी असेल तर फोड दोन आणि सहामध्ये उजवीकडे दर दोन ओळींना एक टाका वाढवा, तीन आणि सातमध्ये तसेच कमी करा. तेरा सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर खोल कानपट्टी बरोबर कानावर येते, जोड मागे मानेवर जातो. गोल मशीनवर हे होत नाही, कानपट्टी वेगळी विणून जोडावी लागते.

शेवटच्या टाक्यांना सुरुवातीचे टाके दाभणाने टाक्याला टाका लावून जोडायचे, मग जोड दिसत नाही. कपाळाची कड आत वळते, एलके १५०ला रिबर, म्हणजे उलट टाके विणणारी सुयांची दुसरी पट्टी, जोडता येत नाही. म्हणून क्रोशाच्या दोन ओळी काढा किंवा हातच्या सुयांवर टाके उचलून पाच सेंटिमीटर एक सुलट एक उलट विणा. लोकर ५० ते ६० ग्रॅम, वेळ दोन ते अडीच तास.

कोणी काय घ्यावं

घरात सगळी मोठी माणसं, डोकी ५४ ते ५८ मध्ये, टोप्या दुहेरी आणि झटपट हव्यात: गोल ४८ पुरेसं आहे, फ्लॅटबेडचा खर्च करू नका. संस्थेसाठी, वस्तीतल्या मुलांसाठी ढिगाने टोप्या करायच्या असतील तरीही गोलच, पण ४० आणि ४८ दोन्ही. तान्ह्या बाळाची टोपडी, केमोथेरपीनंतरच्या नाजूक टाळूसाठी मऊ आणि न आवळणारी टोपी, ६० च्या पुढचं डोकं, कानपट्टी, यांतलं काहीही नेहमी लागणार असेल तर सपाट. ऑर्डर घेऊन विकायचा विचार असेल तरी सपाटच घ्या. गिऱ्हाइकाचं माप लिहून घेतलंत की ते माप देता आलं पाहिजे.

पैशाचा फरक मोठा आहे. गोल मशीन काही हजारांत येतं, फ्लॅटबेडला त्याच्या कित्येक पट लागतात. जागेचाही विचार करा. एलके १५०ची सुयांची पट्टीच जवळजवळ एक मीटरची, शिवाय कॅरेज दोन्ही टोकांना बाहेर जाते, तेव्हा सव्वा मीटरचं टेबल हवं. काचेच्या डायनिंग टेबलावर क्लॅम्प लावू नका, काच तडकते. लाकडी फळी किंवा इस्त्रीचं भक्कम टेबल चालेल, पण हलतं नको.

जुनं धातूचं मशीन स्वस्तात मिळत असेल तर घेण्याआधी स्पंजची पट्टी बाहेर काढून बघा. सुयांवर दाब ठेवणारी ही पट्टी वर्षांनी चपटी आणि चिकट होते, मग सुया वर उचलल्या जातात आणि कॅरेज मध्येच अडकते. पट्टी बदलता येते, त्यामुळे तेवढ्यासाठी सौदा सोडायला नको, किंमत मात्र त्याप्रमाणे करावी. सगळ्या सुयांच्या कड्या बोटाने उघडझाप करून पाहा आणि कॅरेज रिकामी दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. लुधियानाच्या बनावटीची जड लोखंडी हातमशीनही मिळतात, ती स्वेटरच्या कामाला उत्तम, पण बारीक अंतराची असतील तर बाजारात मिळणारी हातविणकामाची लोकर त्यांवर चालत नाही. सोबत स्वतःची लोकर न्या आणि विकणाऱ्याला तिथेच वीस ओळी विणून दाखवायला सांगा.