म्हापशाच्या बाजारातला बिडाचा तवा: सहा महिने वापरल्यावर

मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दहा इंची बिडाचा तवा घेतला. साडेसहाशे रुपये, वजन दोन किलोच्या वर. विकणारी बाई म्हणाली, "बाये, हो तवो तुज्या नातीक पावतलो." तेव्हापासून रोज वापरतेय आणि तिचं म्हणणं मला पटलंय.

आधी त्रास सांगते. चार दिवस तव्यात पेज भरून ठेवली, दर सकाळी काळं पाणी ओतलं. मग मंद आचेवर खोबरेल तापवून कांद्याची फोड घासली. तरी पहिली पाच घावनं फाटली, सहावं निम्मं हाताला लागलं. आमच्या पेडण्याच्या पावसाळी हवेत रात्री जरा ओला राहिला की सकाळी तांबडा गंज. आता धुतला की दोन मिनिटं गॅसवर कोरडा करते आणि वांग्याच्या देठाने तेलाचा हात फिरवते. आमसूल, टोमॅटो घातलेलं यावर करू नका. बसलेलं तेल उतरतं आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. मनगट दुखत असेल तर आठ इंची घ्या.

ऑगस्टपासून मात्र तवा हाताला आला. पीठ ओतलं की बारीक जाळी पडते, कडा आपणहून सुटतात, उलथनं नुसतं खाली सरकवायचं. रव्यातल्या बांगड्याला असा खरपूस रंग नॉनस्टिकवर मला कधीच मिळाला नव्हता.

नॉनस्टिक सोडून हा तवा घ्यायचं कारण मात्र स्वयंपाकघरातलं नाही. जानेवारीत भाच्याबरोबर मोरजीला गेले होते, शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे. वाळूवर कुरव (सीगल) पक्ष्यांचा थवा वाऱ्याकडे तोंड करून बसलेला. त्यातले काही थेट रशियाच्या उत्तर टोकाकडून येतात, तिथेच अंडी घालतात. भाचा प्राणिशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "मावशी, माणसांनी समुद्रात काय सोडलंय ते कुरवांच्या अंड्यांत मोजतात."

अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या सरोवरांवर हेरिंग कुरवांची अंडी 1974 पासून तपासली जातात. पक्षी मारावा लागत नाही, घरट्यातलं एखादं अंडं पुरतं, आणि जुनी अंडी गोठवून ठेवली की पुढे नवं रसायन कळलं तरी मागचा हिशोब काढता येतो. सुरुवातीला डीडीटी हे कीटकनाशक आणि पीसीबी ही कारखान्यांतली रसायनं मोजत. त्यांच्यावर बंदी आली, प्रमाण उतरलं. मग त्याच अंड्यांत पीएफओएस नावाचं माणसाने बनवलेलं रसायन सापडलं. त्यातली कार्बन आणि फ्लोरिनची जोडी इतकी घट्ट की ऊन, पाणी, जिवाणू कोणालाच ती सहजी तुटत नाही. माशातून मादीच्या रक्तात, रक्तातून बलकात. पांढऱ्यात जवळजवळ नाही, सगळं पिवळ्यात, म्हणजे पिल्लू ज्यावर वाढतं त्यातच. जिथे एकही कारखाना नाही अशा आर्क्टिकच्या कड्यांवरच्या अंड्यांतही ते आहे. हे ऐकल्यावर त्या थव्याकडे बघणं मला जड गेलं.

नॉनस्टिक तव्याला उगाच दोष द्यायचा नाही. पीएफओएस मुख्यतः डाग न पडणाऱ्या गालिच्यांत आणि आग विझवायच्या फेसात असे. तव्याच्या लेपाचं नातं त्याच्या भावंडाशी, पीएफओएशी: लेपाचं द्रव्य बनवताना ते कारखान्यात वापरत, आणि तिथून ते पाण्यात, हवेत गेलं. नीट वापरलेल्या तव्यातून घावनात फारसं काही उतरत नाही. पण रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरलात तर लेप जळतो, आणि त्या धुराने घरातले पिंजऱ्यातले पक्षी मरतात. 2009 मध्ये पीएफओएस आणि 2019 मध्ये पीएफओए स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न विघटणाऱ्या घातक रसायनांना आवर घालणाऱ्या जागतिक कराराच्या, यादीत गेलं. म्हणून आता खोक्यांवर "पीएफओए-मुक्त" लिहिलेलं असतं. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. त्या कुळात हजारो रसायनं आहेत, एकाचं नाव गेलं की दुसरं येतं. लेप कशाचा आहे ते दुकानदाराला विचारा. मी म्हापशात तीन दुकानांत विचारलं, तिन्हीकडे नुसतं खोकं पुढे केलं.

बिडाच्या तव्यात लोखंड आहे आणि माझं खोबरेल आहे. मला तेवढं पुरतं. बाजारात घेताना बोटाने टिचकी मारून बघा, आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर कुठेतरी चीर असते. तळ सपाट आहे का तेही फरशीवर ठेवून बघा, माझ्या जावेचा गॅसवर डुलतो.

आठ वर्षांतले खरवडलेले तीन नॉनस्टिक तवे पोटमाळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत. भंगारवाला दोनदा मागून गेला. ॲल्युमिनियम वितळवताना लेप जळणार, म्हणून अजून दिलेले नाहीत.