विल्यम जिलेटचा होम्स: जपून ठेवावी अशी ब्लू-रे

विल्यम जिलेट या अमेरिकी नटाने १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या गॅरिक नाट्यगृहात शेरलॉक होम्स रंगवला आणि पुढे सुमारे १३०० प्रयोगांत ती भूमिका आपल्या नावावरच करून घेतली. होम्सच्या ओठांतला वळणदार पाइपही त्याच्यामुळेच रूढ झाला, असे मानले जाते. त्या नाटकावर एसने या अमेरिकी चित्रपट कंपनीने १९१६ मध्ये काढलेला मूकपट अनेक दशके हरवलेलाच होता. २०१४ मध्ये पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेझ या संग्रहालयात त्याची प्रत सापडली आणि ‘फ्लिकर अ‍ॅली’ या जुने चित्रपट डिस्कवर आणणाऱ्या कंपनीने तो ब्लू-रेवर आणला.

चित्र अपेक्षेपेक्षा बरेच स्वच्छ आहे. मात्र फ्रान्समध्ये तो चार भागांत दाखवला गेल्याने केलेली विभागणी इथेही कायम असून कथेचा ओघ त्यामुळे अडखळतो. कॅमेराही बहुतेक वेळ प्रेक्षागृहात बसल्यासारखा दूरच राहतो. जिलेट मात्र पाहतच राहावा असा आहे. साठी उलटलेला हा नट, भोवतालचे सगळे हातवारे करीत असताना, केवळ मान किंचित वळवून प्रसंग ताब्यात घेतो (प्रेमप्रसंग सोडून, तिथे तो अवघडलेलाच वाटतो). त्याचा गाजलेला होम्स चित्रपटात एवढाच उरला असल्याने, नाट्यप्रेमींनी ही डिस्क अवश्य घ्यावी. निव्वळ रहस्यकथेसाठी घेणाऱ्यांची निराशा होण्याचा संभव आहे.