गूगल स्कॉलर प्रोफाइल: सर्जनचा रिसर्च जोखायला कितपत कामाचं?

गूगल स्कॉलर म्हणजे गूगलचं शोधनिबंध शोधायचं ठिकाण, आणि प्रोफाइल म्हणजे तिथलं एकेका संशोधकाचं पान. पाचपैकी साडेतीन स्टार. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, नाव टाकलं की पेपरची यादी समोर, बाजूला सायटेशनचे (पेपरचा दाखला दुसऱ्या पेपरांनी किती वेळा दिला त्याचे) आकडे आणि वर्षवार खांब, तीन स्टार तर इथेच दिले. मेडिकल लायब्ररीत काम म्हटल्यावर मी हे रोजच उघडते, कुणाला थीसिससाठी गाइड शोधायचा असतो, कुणाला प्रमोशनची फाइल भरायची असते, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "सरांचा एच इंडेक्स किती?"

एच इंडेक्स हे होर्हे हिर्श या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये काढलेलं माप. एच २० म्हणजे निदान २० पेपर असे, की प्रत्येकाला कमीत कमी २० सायटेशन. प्रोफाइलवरचं दुसरं माप आय-टेन त्याहून सोपं, दहा किंवा जास्त सायटेशन मिळालेले पेपर मोजायचे, बस. गंमत अशी की एकूण एच सहसा खाली उतरत नाही, माणसाने लिहिणं सोडलं तरी जुन्या पेपरच्या जोरावर चढू शकतो. शेजारी गेल्या पाच वर्षांचा कॉलम असतो तो बघून लोक खूश होतात की सर अजून जोरात आहेत, अहो पण त्यात जुन्या पेपरला हल्ली मिळालेली सायटेशनही धरलेली असतात! माणूस अजून काम करतोय का हे बघायचं तर यादीच्या वर 'वर्ष' लिहिलंय तिथे क्लिक करा, नवे पेपर वर येतात, मग काय ते कळतं.

आता सर्जरीत हा आकडा कसा फसवतो ते बघा. झ्युरिकच्या डिंडो, डेमार्टिन आणि क्लाव्हिएं यांचा २००४ चा ॲनल्स ऑफ सर्जरी या जर्नलमधला पेपर, ऑपरेशननंतरच्या कॉम्प्लिकेशनची ग्रेडिंग, ६३३६ पेशंटवर तपासलेली. आज पोटाच्या सर्जरीचा कुठलाही पेपर काढा, मेथड्समध्ये 'क्लाव्हिएं-डिंडो ग्रेड तीन किंवा वर' (म्हणजे गंभीर कॉम्प्लिकेशन) हे वाक्य बहुतेक असतंच, त्यामुळे त्याला हजारोंनी सायटेशन. आणि एच इंडेक्सच्या हिशोबात त्याची किंमत किती? एक. एचच्या हिशोबात जेमतेम बसलेल्या, थोड्या पेशंटची हकीकत सांगणाऱ्या केस सिरीजइतकीच. उलट बाजूने बघा, टाका कसा घ्यायचा, प्लेन (दोन थरांमधली कापायची जागा) कुठून धरायचा असलं सांगणारा टेक्निकचा पेपर शेकडो सर्जन वाचतात, दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये तसं करतात, पण ते स्वतः पेपर लिहीत नाहीत म्हणून सायटेशन शून्याच्या आसपास. मला तर ही या सगळ्या प्रकारातली सगळ्यात मोठी गोची वाटते.

स्क्रीनवरची एक कटकट सांगते. पेपरच्या खाली लेखकांची नावं येतात पण यादी लांब असली की पुढे तीन टिंबं. सर्जरीत पहिलं नाव साधारणपणे राबणाऱ्याचं आणि शेवटचं सीनियरचं, आणि नेमकं शेवटचंच कापलं जातं, मग एकेका टायटलवर क्लिक करत बसा. मधल्या गर्दीतल्या नावाला किती भाव द्यायचा हाही प्रश्नच आहे, कोविड काळातल्या सर्जरीवर काम करणाऱ्या कोविडसर्ज या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०२१ च्या एका पेपरला १५,०२५ लेखक होते, गिनीज रेकॉर्ड झालंय त्याचं.

सेल्फ सायटेशन (स्वतःच स्वतःच्या पेपरचा दिलेला दाखला) वगळायची सोय नाही, स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आहे. सारख्या नावाच्या दुसऱ्याच डॉक्टरचे पेपर आपोआप चिकटतात आणि ते काढायचे की नाही हे प्रोफाइलवाल्याच्या इच्छेवर, म्हणून सोबत ऑर्किडचा (संशोधकाची ओळख पटवणारा) १६ अंकी नंबर जुळवून बघावा. थीसिस, प्रीप्रिंट (तपासणीआधीच वेबवर टाकलेले पेपर) सगळं मोजतात म्हणून आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या डेटाबेसपेक्षा बहुतेक वेळा फुगलेला दिसतो. २०१२ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी मुद्दाम सहा खोटे पेपर वेबवर टाकून स्वतःची आणि सहकाऱ्यांची सायटेशन वाढवून दाखवली होती, इतकं ते सोपं निघालं. आणि सायटेशन म्हणजे कौतुकच असंही नाही, पाओलो मॅक्यारीनी या सर्जनचा श्वासनलिकेवरचा २००८ चा लॅन्सेट जर्नलमधला पेपर २०२३ मध्ये मागे घेतला गेला, तोपर्यंत त्याला सायटेशन मिळतच होती की.

पेशंट म्हणून सर्जन शोधत असाल तर इथे वेळ घालवू नका हो. या पानावर कॉम्प्लिकेशन रेट नाही. बर्कमायर आणि सहकारी संशोधकांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या पेशंटवर दाखवलं की जो सर्जन एखादं मोठं ऑपरेशन जास्त वेळा करतो त्याच्याकडे मृत्यूचं प्रमाण कमी, तेव्हा "हे ऑपरेशन वर्षाला किती करता?" असं सरळ विचारा.

गाइड शोधणाऱ्यांना मात्र हे चालतं. कोणत्या विषयात सर सातत्याने लिहितात, विद्यार्थ्यांना पहिलं नाव देतात की सगळीकडे स्वतःच पुढे, हे अर्ध्या तासात कळतं. प्रमोशनवाल्यांनी फक्त एवढं करा, स्कॉलरचा आणि स्कोपसचा आकडा एकाच तक्त्यात कालवू नका आणि आकड्यासमोर कुठून, कोणत्या तारखेला घेतला ते लिहा, नाहीतर कमिटी फाइल परत पाठवते आणि मग सगळे पुन्हा माझ्या टेबलापाशी.