डिस्क मॅनेजमेंट: ड्राइव्हची अक्षरं बदलायला पुरेसं, पण सी ड्राइव्हपुढे हात टेकतं

विंडोज नव्यानं टाकल्यावर जुना डी ड्राइव्ह ई होऊन बसतो, ई एफवर जातो आणि निम्मे शॉर्टकट उघडत नाहीत. डेटा मात्र जागच्या जागी असतो. ड्राइव्हचं अक्षर पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्या भागावर, लिहिलेलं नसतं. कोणत्या पार्टिशनला कोणतं अक्षर दिलं याची नोंद प्रत्येक विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, 'माउंटेड डिव्हायसेस' नावाच्या कप्प्यात (कीमध्ये) ठेवते. नवी विंडोज आली की ही वही कोरी, आणि अक्षरं पुन्हा पहिल्यापासून वाटली जातात. सेटअपच्या वेळी कार्ड रीडर किंवा पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर एखादं अक्षर त्यानंच पटकावलेलं असतं.

एवढ्यासाठी बाहेरचं सॉफ्टवेअर उतरवून घेण्यात अर्थ नाही. विंडोजमधलंच डिस्क मॅनेजमेंट हे काम चोख करतं. विंडोज की आणि एक्स एकत्र दाबा, यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा, पार्टिशनवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडा, मग 'चेंज', नवं अक्षर, ओके. काही प्रोग्रॅम चालणार नाहीत असा इशारा येतो, तिथे 'येस' म्हणायचं. पेजिंग फाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरते ती) त्या ड्राइव्हवर नसेल तर रीस्टार्टही लागत नाही.

लोक अडतात ते अदलाबदलीत. हवं असलेलं अक्षर दुसऱ्याकडे असेल तर ते यादीत दिसतच नाही. डी आणि ई उलटसुलट झाले असतील तर आधी डीला टी करा, मग ईला डी, शेवटी टीला ई. डीव्हीडी ड्राइव्हनं डी अडवला असेल तर त्याला सरळ झेडवर पाठवा. कायम लागणाऱ्या बाहेरच्या हार्ड डिस्कलाही असंच शेवटाकडचं अक्षर द्यावं: विंडोज ते लक्षात ठेवते आणि मध्येच लावलेल्या पेन ड्राइव्हमुळे ते सहसा हलत नाही.

आता खोट. राइट क्लिकच्या मेनूत अक्षर बदलण्याच्या अगदी खाली 'फॉरमॅट' आहे. इतकी वर्षं झाली तरी या दोन ओळींत कुणी अंतर ठेवलेलं नाही! शिवाय लिनक्सच्या पार्टिशनला चुकून अक्षर मिळालं, तर ते उघडताच विंडोज 'डिस्क फॉरमॅट करावी लागेल' म्हणते. करू नका, 'रिमूव्ह' वापरून अक्षर तेवढं काढून टाका. विंडोज सुरू करण्यासाठी लागणारं ईएफआय किंवा 'सिस्टिम रिझर्व्हड' पार्टिशन धिस पीसीमध्ये दिसायला लागलं, तरी उपाय हाच. ईएफआयच्या बाबतीत मेनू बहुधा धूसर असतो, तेव्हा डिस्कपार्ट या कमांड लिहून चालवायच्या साधनाकडे वळावं लागतं.

डिस्कपार्ट ताकदवान आहे, पण मायाळू नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'डिस्कपार्ट' सुरू करा; आधी 'लिस्ट व्हॉल्यूम', मग 'सिलेक्ट व्हॉल्यूम' आणि क्रमांक, त्यानंतर 'असाइन लेटर' किंवा 'रिमूव्ह लेटर', बरोबरचं चिन्ह आणि अक्षर. निवडल्यावर 'लिस्ट व्हॉल्यूम' पुन्हा चालवा. निवडलेल्या ओळीपुढे तारा दिसतो. क्रमांकावर भरवसा न ठेवता आकार आणि नाव पडताळा, कारण डिस्क काढली-लावली की क्रमांक बदलू शकतात. 'क्लीन' ही कमांड तर दुसऱ्यांदा न विचारताच निवडलेल्या डिस्कची सगळी पार्टिशनं उडवते. काढून टाकलेल्या डिस्कच्या नोंदी अजून अक्षरं अडवून बसल्या असतील, तर 'ऑटोमाउंट स्क्रब' त्या साफ करतं. ही सोय खिडकीवाल्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाही.

खरी मर्यादा मात्र दोन्हींची एकच. विंडोज स्वतःच डी किंवा एफवर बसली असेल, तर तिचं अक्षर यातलं कुणीही बदलून देत नाही. आणि ते योग्यच आहे, कारण सर्व्हिसेस, ड्रायव्हर, युजर प्रोफाइल, सगळ्यांचे पत्ते रजिस्ट्रीत त्या अक्षरासकट लिहिलेले असतात. 'माउंटेड डिव्हायसेस'मधल्या नोंदींची नावं हातानं बदलण्याची युक्ती फिरत असते. ती फक्त एकाच प्रसंगी कामाची: विंडोज मुळात सीवरच टाकलेली होती आणि डिस्कची हुबेहूब नक्कल (क्लोन) काढल्यावर वगैरे तिचं अक्षर सरकलं. मुळातच एफवर टाकलेल्या विंडोजला सी म्हणायला लावलं, तर लॉगिनच्या पुढे जाणं मुश्कील. तिला एफवरच राहू द्या, नाहीतर पुन्हा टाका. विकतची काही पार्टिशन सॉफ्टवेअर हे पत्तेही बदलून देण्याचा दावा करतात. एखादा पत्ता सुटला तर महिन्यांनी अपडेटच्या वेळी कळेल, म्हणून त्यांना माझी शिफारस नाही.

पुन्हा टाकताना चालू विंडोजमधून सेटअप उघडू नका. तसं केलं तर जुन्या विंडोजची अक्षरं नव्या पार्टिशनला चिकटतात आणि डीचा घोळ तिथूनच सुरू होतो. यूएसबीवरून बूट करा, दुसऱ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा, कार्ड रीडर रिकामा किंवा बंद ठेवा. विंडोज सुरू झाल्यावर मशीन बंद करून एकेक डिस्क जोडा आणि प्रोग्रॅम टाकण्याआधी अक्षरं लावून घ्या.

रिकव्हरी मोडमधल्या कमांड प्रॉम्प्टवर सी ड्राइव्ह डी दिसला तर दुरुस्तीला लागू नका. तिथे एक्स ड्राइव्हवरून चालणारी वेगळी छोटी विंडोज असते आणि तिचं वाटप तिच्यापुरतंच. फक्त तिथे कमांड देताना 'डीआयआर' चालवून विंडोजचं फोल्डर खरोखर कोणत्या अक्षरावर आहे ते आधी पाहा.