कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या मामांची डीव्हीडी लायब्ररी: जरूर जा, फक्त दुपारी नको

आधी व्यवहाराचं सांगतो, म्हणजे घाईतले लोक इथूनच कटतील. डिपॉझिट ३००, एका डिस्कचे तीन दिवसांचे ३० रुपये, उशीर झाला की रोजचे १० जादा. यूपीआय चालत नाही, सुट्टे घेऊन जायचं. दुपारी १ ते ५ शटर खाली म्हणजे खाली, कितीही वाजवा, मामा उठत नाहीत. दुकानाला बोर्ड नाही. मिक्सर आणि होम थिएटर रिपेअरवाले मामा म्हणून विचारलं की गल्लीतलं पोरगंपण दाखवतंय, डीव्हीडी म्हणून विचारलं तर तुमच्याकडंच बघून हसतील.

२०१९ च्या पुरात दुकानात छातीएवढं पाणी होतं. डिस्कांना काही झालं नाही, मामा-मामींनी बादलीत धुऊन गच्चीवर चादर टाकून सगळ्या वाळवल्या, पण कव्हरांचा पार लगदा झाला. त्यामुळं आता प्रत्येक डिस्क पांढऱ्या कागदाच्या पाकिटात आणि वर निळ्या स्केचपेननं मामांच्या स्वतःच्या स्पेलिंगमध्ये नाव. फोटो नाही, कोण काम करतंय ते नाही, काही नाही. आणि लावल्यात कशा, तर नटाप्रमाणं, चपलांच्या रिकाम्या खोक्यांत. मी गेलो होतो भाच्यासाठी 'स्टार वॉर्स' आणायला, पहिला, १९७७ चा. तो निघाला 'गिनेस' लिहिलेल्या खोक्यातून. मी म्हटलं, मामा, हा इथं कसा? तर म्हणाले, "त्यात तो दाढीवाला म्हातारा आहे न्हवं, ओबी-वान, त्याचं खोकं हे. बाकीची पोरं नवी होती तवा."

तर हा अॅलेक गिनेस, लंडनचा नट, जन्म १९१४, गेला २००० साली. भाच्याच्या दृष्टीनं झगा घालून तलवार चालवणारा आजोबा, एवढीच ओळख. मामांनी दुसरं पाकीट हातात ठेवलं, 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स', १९४९. "फुकट ने. ह्यात तो कुठं कुठं आहे तेवढं सांग."

रात्री लावला. गोष्ट अशी की एका पोराच्या आईला तिच्या खानदानी घरानं टाकलेलं असतंय आणि हा पोरगा बदला म्हणून वारसाहक्काच्या रांगेतल्या माणसांना एकेक करून उडवतो, तेही इतक्या सभ्यपणानं की आपण त्याच्याच बाजूनं होतो. मला गिनेस तीन ठिकाणी सापडला. सकाळी जाऊन ऐटीत तीन सांगितलं. मामा सोल्डरिंग थांबवून म्हणाले, आठ. आठ! म्हातारा पाद्री तो, बुडत्या जहाजावर सलाम ठोकत उभा राहणारा अॅडमिरल तो, आणि फुग्यातून पत्रकं टाकणाऱ्या लेडी अगाथा त्यापण तोच. एका शॉटमध्ये त्यातले सहाजण एकाच वेळी दिसतात, कॉम्प्युटर बिम्प्युटर काही नाही, डग्लस स्लोकोम्ब नावाच्या कॅमेरामननं लेन्सपुढं मास्क लावून तीच फिल्म परत परत मागं घेऊन तुकड्यातुकड्यानं एक्स्पोज केली, आणि कॅमेरा कुणी हलवू नये म्हणून रात्री त्याच्याशेजारीच झोपला. स्वतः कॅमेरा बनवणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावातल्या माणसाला ह्याचं कौतुक वेगळं सांगायला नको.

आपल्याकडं बहुरूपी दारात येतो तो आज पोलीस, उद्या वैद्य, पण तुम्हाला कळतंय की हा सोंग घेऊन आलाय, त्याला पैसेच त्याचे द्यायचे असतात. ह्याचं उलटं आहे, हा सोंग घेतलंय हेच कळू देत नाही. म्हणून मला वाटतं हा माणूस बघायचा तर मामांच्या ह्या बिनफोटोच्या पाकिटातूनच. मोबाईलवर आधी पोस्टर दिसतंय, नाव दिसतंय, सगळी मजा तिथंच जाते.

मग मी खोकंच उचललं. दिग्दर्शक डेव्हिड लीनबरोबर त्याचे सहा सिनेमे, सहाच्या सहा मामांकडं आहेत. १९४६ च्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये गोरागोमटा हसरा मित्र, आणि दोनच वर्षांनी 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये म्हातारा ज्यू चोर फेगिन. तेव्हा वय चौतीस. लीन त्याला घ्यायला तयारच नव्हता, ह्यानं मेकअप करून टेस्ट दिली तेव्हा ऐकला. पण ते लांब नाक आता बघवत नाही खरं. ज्यूंची टिंगल म्हणून तेव्हाच ओरड झाली आणि अमेरिकेत सिनेमा १९५१ पर्यंत अडकला. 'लेडीकिलर्स' (१९५५) लीनचा नाही, पण त्यात मोठे खोटे दात लावलेत, तो पहिला बघा, घरातल्या बायामाणसांबरोबर बघा, लई हसाल.

'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' वर मात्र माझे दोन रविवार गेले. १९५७ चा, शूटिंग श्रीलंकेत, ह्याच कामाला बेस्ट अॅक्टरचा ऑस्कर. जपान्यांच्या कैदेतला इंग्रज कर्नल, पत्र्याच्या खुराड्यात उन्हात कोंडलेला, त्याला बाहेर काढतात तो सीन तीनदा मागं घेऊन बघितला. तो चालतो ते बघा. पाय लाकडाचे झालेत, गुडघा वळत नाही, अंग एका बाजूला जातंय, पण मान ताठ, सगळी पलटण बघतीय म्हणून. ही चाल कुठनं आणली तर स्वतःच्या मुलाची, पोलिओतून उठताना तो पोरगा तसा चालायचा. हे कळल्यावर परत बघितला तेव्हा काहीतरीच वाटलं, बापानं पोराचं असं चालणं नीट बघून ठेवलं आणि वर पडद्यावर वापरलं. चांगलं की वाईट मला अजून ठरवता आलेलं नाही. मामी म्हणाल्या, नटाची जात.

आता गोडबोले. होय, आपले गोडबोले. 'अ पॅसेज टू इंडिया', १९८४, त्यात हा सत्तरीचा इंग्रज प्रोफेसर गोडबोले झालाय, दख्खनी ब्राह्मण, तोंडाला तपकिरी रंग लावून. पहिल्यांदा मला हसू आलं, मग रागच आला, कारण त्याच सिनेमात रोशन सेठ आहे, सईद जाफरी आहे, म्हणजे माणसं मिळत नव्हती असं नाही. गंमत म्हणजे मूळ कादंबरी लिहिणारा फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडं खासगी सेक्रेटरी होता, आणि ते महाराज म्हणजे आपल्या शाहू महाराजांचे जावई, अक्कासाहेबांचे यजमान. म्हणजे कोल्हापूरच्या जावयाकडं नोकरी करून त्यानं गोडबोले बघितले असतील आणि साठ वर्षांनी लंडनचा माणूस ते सोंग घेतोय. त्यात हे गोडबोले पूजा लांबवतात आणि गाडी चुकते, तिथनंच सगळा घोळ सुरू होतो. आमच्या ओळखीचे गोडबोले तासभर आधी स्टँडवर जाऊन बसतात, ते जाऊ दे. ह्याचा एक नाचपण शूट झाला होता म्हणे, लीननं एडिटिंगमध्ये उडवला, ह्याला लागलं ते. बहुरूप्याला हे एक सोंग जमलं नाही असं माझं मत. मामांचं मत वेगळं, ते म्हणतात की रात्री रुळांशेजारी उभा राहून तो जाणाऱ्या गाडीतल्या म्हातारीला हात जोडतो तेवढं बघ आणि बाकीचं सोडून दे. बघितलं. तेवढं खरंच चांगलंय.

तक्रारी. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ची डिस्क बरोबर मध्यात अडकते, त्यात हा अरब राजपुत्र फैसल आहे, तर तो एक वाक्य अर्धं बोलून वाळवंटात तसाच थांबला आणि आमचा रविवार तिथंच संपला. परत न्यायला गेलो तर मामांनी डिस्कला टूथपेस्ट लावून पुसली, वर मलाच विचारलं, बोट लावलंस का. ३० रुपये परत नाहीत. 'डॉक्टर झिवागो'ला सबटायटल नाहीत, पण ती डिस्क नाही नेली तरी चालतंय, गिनेस त्यात थोडाच आहे आणि लांबी मरणाची. प्लेअर नसेल तर मामा जुना दुरुस्त केलेला ९०० ला देतात, माझा सात महिने चाललाय. पार्किंग नाही, गाडी कोपऱ्यावर लावून चालत जा.

पाचपैकी चार स्टार, एक टूथपेस्टचा कापला.

आणि एक. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय', ती १९७९ ची बीबीसीची सिरीयल, त्यात हा चष्मा पुसत पुसत गुपचूप बसून हेर पकडतो, त्याची दुसरी डिस्क दिवाळीपासून कुणीतरी नेलीय आणि वहीत नुसतं 'शिवाजी पेठ' लिहिलंय. जे कोण असाल, उशिराचे पैसे मी भरतो, पण आणून द्या राव, पहिली डिस्क बघून बसलोय.