शिनाई घ्यायची: बांबूची की कार्बनची?

पहिली शिनाई, म्हणजे केंदो या जपानी तलवारविद्येतली चार कांबींची सरावाची तलवार, डोजोतून (सरावशाळेतून) मिळते. दुसरी घेताना मात्र हा प्रश्न येतोच, कारण स्पर्धेच्या नियमांत दोन्ही बसतात. मापांची चर्चा इथे करत नाही, ती तुम्हाला माहीत आहेत.

कार्बनच्या बाजूने बोलायचं तर तिला कुसळं निघत नाहीत. शिनाईची ढलपी मेनच्या, म्हणजे शिरस्त्राणाच्या, जाळीतून डोळ्यात जाऊ शकते, म्हणून हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. शिवाय हवा कशीही असो, तिला फरक पडत नाही. बांबू कोरड्या दिवसांत हलका होतो. 39 मापाची, म्हणजे 120 सेंटिमीटरपर्यंतची, शिनाई 512 ग्रॅमची घेतली आणि जपानी हिवाळ्यात स्पर्धेच्या काट्यावर ठेवली, तर पुरुषांसाठीच्या किमान 510 ग्रॅमच्या खाली जाऊ शकते. त्यामुळे बांबूची घेताना थोडं वजन हाताशी ठेवूनच घ्यावी. कार्बनमध्ये ही चिंता नाही. किंमत बांबूच्या कित्येक पट असली, तरी रोज दोन-दोन तास मारा करणाऱ्याला ती परवडू शकते.

तरीही माझा कल बांबूकडे आहे, आणि त्याला कारण एकच: कार्बन दुरुस्त करता येत नाही. कोतेवरच्या (जाड हातमोज्यावरच्या) आणि मेनच्या जाळीवरच्या माराने कांबीच्या कडेचा वरचा थर खरवडला जातो. इथे पॉलिश पेपर चालवायचा नाही, कारण त्याने तंतूच कापले जातात. मग रोज त्या ओरखड्याकडे बघत बसायचं: नुसता वरचा थर गेलाय, की आतले काळे तंतू दिसू लागलेत? काळं दिसलं की ती कांब बाद. त्याआधी आपल्या हातात काहीच नसतं. बांबू आधी खरखरीत होतो, मग कुसळ उठतं, मग चीर जाते, आणि पहिल्या दोन पायऱ्यांवर आपण त्याला सावरू शकतो. माझ्या हाताला कार्बनचा झटका कोपरापर्यंत जास्त जाणवतो, पण हे पकडीवरही अवलंबून असेल, म्हणून त्यावर फार भर देत नाही.

अर्थात बांबू घेतला की देखभाल आलीच. नवी शिनाई घेतली त्याच दिवशी, एकही वार न करता, ती सोडवा. त्सुरू (टोकापासून मुठीपर्यंत ताणलेली दोरी) मुठीकडून सोडा, साकीगावा (टोकाची चामडी टोपी) आणि मुठीचं चामडं काढा, चारही कांबींच्या आतल्या बाजूला पेन्सिलने 1 ते 4 आकडे घाला. मग प्रत्येक कांबीच्या दोन्ही कडा 240 नंबरच्या आणि नंतर 400 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या गोल करा. पेपर नेहमी बांबूच्या तंतूंच्या दिशेने चालवा. कुसळं बहुतेक वेळा कडेवरच उठतात, कारण वाराबरोबर शेजारच्या कांबी एकमेकींवर घासतात. टोकदार कड लगेच उकलते, गोल केलेली टिकते.

नंतर तेल. जपानात कॅमेलियाचं वापरतात; जवसाचंही चालतं. फडक्यावर थोडं घेऊन आतून-बाहेरून पातळ हात फिरवा, दोन-तीन दिवस राहू द्या आणि उरलेलं पुसून टाका. जास्त तेलाने शिनाई जड आणि मऊ पडते. जवसाचं फडकं गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. कोरड्या हवेत तेल महिन्याकाठी, पावसाळ्यात कमी. तेव्हा बुरशीकडे लक्ष ठेवा आणि शिनाई पिशवीत बंद ठेवू नका.

जोडताना चिगिरी, म्हणजे मुठीच्या आतला धातूचा छोटा चौकोनी तुकडा, चारही कांबींच्या खाचांत नीट बसली आहे ना, ते पाहा. एक कांब सुटली तर मूठ पिळते. नाकायुई, म्हणजे कांबी एकत्र बांधणारी चामड्याची पट्टी, टोकापासून पाव लांबीवर, म्हणजे 120 सेंटिमीटरला सुमारे 30 वर, घट्ट बांधा. ती बोटाने सरकली तर त्सुरू सैल आहे असं समजा, आणि सैल त्सुरूने साकीगावा निसटून कांबींची टोकं बाहेर येऊ शकतात. मार बहुतेक एक-दोन कांबींवरच पडतो, तेव्हा दर काही आठवड्यांनी त्यांच्या जागा बदला.

कुसळ धारदार सुरीने तासा, मग पेपर फिरवा. उभी चीर गेली की मात्र ती कांब काढाच. चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेणं धोक्याचं आहे, कारण चीर झाकली जाते, थांबत नाही.

जे सरावाआधी शिनाई तपासणार नाहीत, त्यांनी कार्बन घ्यावी, हे मनापासून सांगतो. बाकीच्यांनी त्याच पैशांत एकाच मापाच्या, पेरं एकाच उंचीवर असलेल्या निदान दोन बांबूच्या घ्याव्यात. जमलं तर मादाके जातीच्या बांबूच्या घ्याव्यात. मोसो जातीची स्वस्त असते, पण मला ती लवकर तुटणारी वाटते. पेरं जुळली की एकीची फुटलेली कांब काढून दुसरीची लावता येते. न जुळणारी कांब नीट बसत नाही, पेराशी फट राहते आणि पुढचं कुसळ तिथेच उठतं.