मुंबईची क्रूझ की सिंगापूरची? फक्त जेवण आणि सेवेपुरतं

लातूर, नांदेड, परभणी किंवा संभाजीनगरहून आजी-आजोबांसह सहा-सात जणांचं क्रूझला जायचं ठरलं, की पर्याय बहुधा दोनच उरतात. मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस', नाहीतर सिंगापूरहून सुटणारं परदेशी कंपनीचं मोठं जहाज. एजंट पूल, शो आणि खरेदीबद्दल भरभरून बोलतो. ताटात काय पडणार आणि हाक मारली तर कोण येणार, हे आपल्यालाच विचारावं लागतं.

मुख्य फरक असा: मुंबईच्या जहाजावर आपलं जेवण न मागता मिळतं. सिंगापूरच्या जहाजावर ते आदल्या दिवशी मागावं लागतं, पण मागितलं की बहुतेक वेळा नीट मिळतं. मागायचा संकोच असणाऱ्या घरानं दुसऱ्या जहाजावर जाऊन फळं आणि पाव खाऊन परत येऊ नये.

'एम्प्रेस' १९९० सालचं, अकरा डेकचं जहाज आहे. क्षमता अठराशेच्या घरात. प्रवासी बहुतेक भारतीय, त्यामुळे नाश्त्याला इडली-पोहे, जेवणात वरण-भात, पोळी, पनीर हे गृहीतच असतं. जैन जेवणाची सोय आहे. मात्र चव उत्तर हिंदुस्थानी हॉटेलाची. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा यांची आशा धरू नका. एशियाई पदार्थांच्या खास रेस्टॉरंटचे पैसे वेगळे पडतात.

सिंगापूरला रॉयल कॅरिबियन कंपनीची 'क्वांटम' वर्गातली मोठी जहाजं येतात, त्यांवर चार हजारांहून जास्त माणसं असतात. बुफेत भारतीय काउंटर बहुधा असतो: एक डाळ, एक-दोन भाज्या, भात, नान. दोन दिवस छान वाटतं, तिसऱ्या दिवशी तोच मसाला ओळखू येतो. खरी सोय मुख्य डायनिंग रूममध्ये आहे. पहिल्याच रात्री हेड वेटरला गाठा आणि पुढच्या दिवसाचं शाकाहारी जेवण सांगून ठेवा. तो लिहून घेतो, स्वयंपाकघर वेगळं बनवतं. बुकिंगच्या वेळी आहाराची नोंद केली असली, तरी जहाजावर पुन्हा सांगायचं. नोंद आणि ताट यांच्यामध्ये बरीच माणसं असतात.

नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. त्या भागातल्या नूडल्स आणि परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर (कालवांचा) सॉस किंवा माशाचा सॉस असू शकतो, सूपला कोंबडीच्या हाडांचा अर्क असतो, मूससारख्या गोड पदार्थांत आणि जेलीत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, केकमध्ये अंडं असतंच. म्हणून 'मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, त्यांचा सॉस किंवा अर्क नाही' असं एक-एक म्हणायचं. हे इंग्रजीत कागदावर लिहून आजीच्या पर्समध्ये ठेवा, म्हणजे बुफेत नातू सोबत नसला तरी अडत नाही.

उपवासाचा घोटाळा दोन्ही जहाजांवर होतो. जैन जेवण म्हणजे उपवासाचं नव्हे. जैन ताटात बटाटा नसतो, पण पोळी आणि डाळ असते; आपल्या एकादशीला नेमकं उलटं. भगर जहाजावर मिळेल असं समजू नका. तारखा ठरवतानाच एकादशी-चतुर्थी पाहून घ्या, नाहीतर दही, फळं, उकडलेला बटाटा आणि सोबतचा बंद पाकिटातला राजगिरा लाडू यांवर दिवस काढायची तयारी ठेवा. खोलीत काही शिजवता येत नाही. किटली, इंडक्शन, इस्त्री आगीच्या भीतीनं चढतानाच काढून घेतात. घरी केलेलं अन्नही सहसा आत नेऊ देत नाहीत, म्हणून धपाटे गाडीतच संपवा. कंपनीच्या बंद पाकिटातली शेंगदाण्याची चटणी चालते आणि चौथ्या दिवशी तिची किंमत कळते.

वेळेचं गणित सिंगापूरच्या बाजूला अवघड आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. संध्याकाळी सहाच्या पंगतीला बसलात, तर पोटाच्या हिशेबानं दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. घेता येत असेल तर आठच्या आसपासची वेळ घ्या. मुंबईच्या जहाजावर हा प्रश्नच नाही.

सेवेत मात्र मोठं जहाज सरस, आणि त्याचं कारण दिवसांत आहे. चार-पाच रात्रींच्या सफरीत ठरावीक वेळेची पंगत घेतली, की टेबल तेच आणि वेटरही तोच. दुसऱ्या रात्री त्याला आजोबांचं कमी तिखट लक्षात असतं, तिसऱ्या रात्री ताक न मागता येतं. हवी तेव्हा जेवायची लवचीक वेळ घेतली की हा फायदा जातो. मुंबई-गोवा दोन रात्रींच्या फेरीत ओळख होईपर्यंत उतरायची वेळ येते. पण तिथे हिंदीत बोलता येतं, आणि आजीला स्वतः काही मागता येणं हीही सेवाच.

गर्दी दोन्हीकडे एकाच वेळी होते. चढल्याबरोबर सगळे बुफेकडे धावतात, कारण खोल्या तयार व्हायच्या असतात. मोठ्या जहाजावर त्या वेळी डायनिंग रूम उघडी आहे का विचारा; असली तर बरीच मोकळी असते. नाश्त्याला साडेआठच्या आत जा. बुफेत शिरताना हात साबणानंच धुवा. जहाजावर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा इलाज चालत नाही.

पैशांत जेवण भाड्यातच येतं, फसगत वरच्या गोष्टींत होते. परदेशी जहाजावर टिप रोज माणशी लागते, लहान मुलांचीही. रॉयल कॅरिबियनवर साध्या खोलीला ती दिवसाला १८ डॉलरच्या आसपास आहे. सात माणसं आणि चार रात्री म्हटलं तर पाचशे डॉलर. शिवाय पेयांवर १८ टक्के सेवाशुल्क. एकानं दारूचं पॅकेज घेतलं तर त्याच खोलीतल्या इतर प्रौढांनाही घ्यावं लागतं. म्हणून काकांची खोली न पिणाऱ्या आजोबांपासून वेगळी ठेवा. साधं पाणी, बुफेतला चहा-कॉफी फुकट. आपल्यासारखा उकळलेला चहा नाही, टी-बॅग. मुंबईच्या जहाजाचा हिशेब रुपयांत होतो, पण तिथेही भाडं, बंदर शुल्क, टिप आणि जीएसटी असा वेगवेगळा आकडा लेखी मागून घ्या. जाहिरातीतला आकडा बहुधा नुसता भाड्याचा असतो.

पोहोचायचं कसं, हेही जेवणाशी जोडलेलं आहे. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी सीएसएमटीला उतरलात, तर तिथून बंदर जवळच. गाडीला उशीर होतो, म्हणून वयस्कर माणसं असतील तर एक दिवस आधी या. सिंगापूरसाठी नांदेड-लातूरकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद सोयीचं. थेट विमान साडेचार-पाच तासांचं आहे. सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा, आहे याची खात्री करा, कारण जहाज मलेशिया किंवा थायलंडहून परत तिथेच येतं.

घरात सत्तरीपुढची, शाकाहारी आणि इंग्रजी न येणारी माणसं असतील तर आधी मुंबई, तीही तीन रात्रींची. दोन रात्री सामान लावण्या-काढण्यात जातात. पावसाळ्यात नको; अरबी समुद्र तेव्हा इतका खवळलेला असतो की ताट समोर असून जेवण जात नाही. कॉलेजची मुलं असतील, आणि घरात एक तरी माणूस वेटरला न लाजता दोनदा सांगणारा असेल, तर सिंगापूर.

खोली दोन्हीकडे जहाजाच्या मध्यभागातली, खालच्या डेकची घ्या, डोलणं कमी जाणवतं. बंदरावर दिलेल्या बॅगा खोलीत यायला काही तास लागतात, तेव्हा बीपी-शुगरच्या गोळ्या आणि एक राजगिऱ्याचा लाडू हातातल्या पिशवीत ठेवा.